गोमाशी आणि सर्रा: पावसाळ्यात जनावरांची राखण



मृगाचा पाऊस होऊन गेला, पेरण्या उरकल्या, बांधाबांधावर हिरवं गवत फुटलं की आपल्या नांदेड-लातूरकडची ढोरं पोटभर चरायला लागतात. पण याच दिवसांत एक गोष्ट तुमच्या नजरेला येत असेल. आभाळ उघडलेलं, ऊन तापलेलं, वारा पडलेला. ओढ्याकाठी शांत चरणारा बैल एकाएकी मान झटकतो, पाय आपटतो, शेपटी फटकारतो आणि चरणं सोडून पळत सुटतो. आपण म्हणतो, "माशी लागली." आणि विषय तिथंच सोडून देतो.

आज तोच विषय धरायचा आहे. ही माशी कोणती, ती कुठं जन्मते, तिला रक्त कशासाठी लागतं आणि तिच्यामुळे सर्रा हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे नीट समजून घेऊ. या माशीचा फवारा मारून नायनाट करता येत नाही. पण तिची रीत एकदा कळली, की तिच्यापासून होणारं मोठं नुकसान बिनखर्चात पुष्कळसं टाळता येतं.

माशी ओळखा

आपण तिला सरसकट गोमाशी किंवा घोडमाशी म्हणतो. हे एक मोठं कुळ आहे. शास्त्रात त्याला टॅबॅनिडी म्हणतात. त्यातल्या दोन माशा ओळखता आल्या तरी आपलं काम भागतं.

पहिली मोठी, करड्या किंवा तपकिरी रंगाची आणि दणकट अंगाची. लांबी एक ते अडीच सेंटिमीटर. येताना घूं असा आवाज करते. हिचं नाव टॅबॅनस. ही जनावराच्या पायांवर, पोटाखाली आणि पाठीवर बसते.

दुसरी लहान, घरमाशीएवढी किंवा थोडी मोठी. तिच्या पंखांवर काळपट आडवा पट्टा असतो, आणि बसली म्हणजे पंख किंचित फाकलेले राहतात. डोळे हिरवे-सोनेरी चमकतात, त्यांवर गडद ठिपके असतात. हिचं नाव क्रायसॉप्स. परदेशात हिला हरणमाशी म्हणतात. आपल्या देशात आढळणाऱ्या हिच्या एका जातीचं नाव क्रायसॉप्स डिस्पार असं आहे. ही बहुधा डोकं, कान, मान या भागांकडे जाते. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाईच्या किंवा गुराख्याच्या मानेवर बसून कडकडून चावते ती हीच.

गोठ्यात राहणारी चावरी माशी मात्र वेगळी. ती दिसायला घरमाशीसारखी, पण तिच्या तोंडाची सोंड टोकदार आणि पुढं आलेली असते. ती शेणात आणि कुजलेल्या ओल्या वैरणीत वाढते. गोचीड तर त्याहून निराळी. या सगळ्यांचा बंदोबस्त वेगवेगळा आहे, म्हणून आधी ओळख पटली पाहिजे.

रक्त फक्त मादी पिते

आता गंमत पहा. या कुळातले नर कधीच चावत नाहीत. ते फुलांतला मध आणि झाडांचा गोड रस यांवर जगतात. मादीसुद्धा रस पिते. पण अंडी पक्व व्हायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. म्हणजे आपल्या बैलाच्या अंगावर बसलेली प्रत्येक गोमाशी ही मादी असते, आणि ती पुढच्या पिढीच्या तयारीसाठी आलेली असते.

डास आपली बारीक नळी हळूच कातडीत घालतो. गोमाशीचं तसं नाही. तिच्या तोंडात सुरीसारखी पाती असतात. त्यांनी ती कातडी कापते आणि जखमेत साचलेलं रक्त चाटून घेते. म्हणूनच तिचा चावा इतका झोंबतो, आणि ती उडून गेल्यावरही जखमेतून रक्ताचा ओघळ येत राहतो. मग त्या ओघळावर घरमाशा गोळा होतात. वीस-तीस गोमाशा सहा तास चावत राहिल्या तर जनावराचं सुमारे १०० मिलिलिटर रक्त जातं, असा एक जुना अंदाज आहे. शिवाय चरणं थांबतं, दूध उतरतं, आणि औताला जुंपलेला बैल बिथरला तर माणसालाही इजा होते.

जन्म चिखलात, पण पाण्याच्या वर

गोमाशीची मादी अंडी पाण्यात घालत नाही. ती पाण्यावर किंवा ओल्या चिखलावर झुकलेल्या पानावर, काडीवर, दगडावर घालते. लव्हाळा, पाणकणीस किंवा ओढ्याकाठची बेशरमाची झाडं निरखून पहा. पानाच्या खालच्या अंगाला किंवा काडीला एकावर एक रचलेल्या अंड्यांचा पुंजका दिसेल. एका पुंजक्यात शंभरापासून हजारापर्यंत अंडी असू शकतात. घातली तेव्हा ती पांढुरकी असतात, नंतर काळी पडतात. साधारण आठवड्याच्या आत अळ्या निघतात आणि खाली पाण्यात किंवा चिखलात पडतात.

ही अळी दोन्ही टोकांना निमुळती असते. ती गाळात राहते. क्रायसॉप्सच्या अळ्या बहुधा कुजलेला पाला-कचरा खातात. टॅबॅनसच्या अळ्या मात्र शिकारी. चिखलातले किडे, गांडुळं आणि वेळ आली तर आपल्याच भावंडांनाही खातात. कोष करण्याआधी अळी काठाच्या कोरड्या मातीकडे सरकते. एक ते तीन आठवड्यांत कोषातून माशी बाहेर येते. अळीचा काळ थंड देशांत वर्षाहूनही लांबतो. उबदार मुलखात तो काही आठवडे ते काही महिने असतो.

आता आपला मुलूख डोळ्यांपुढे आणा. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी, पैनगंगा यांचे काठ; तलावाच्या फुगवट्याच्या कडा; पाझर तलावाखालची सदा ओली राहणारी जागा; गुरं पाण्यावर नेण्याचा ठरलेला उतार. पाणी, चिखल, झुकलेलं गवत आणि दिवसातून दोनदा येणारी जनावरं. गोमाशीला जे जे हवं ते सगळं तिथं एका ठिकाणी मिळतं.

मग त्या पाण्यात औषध ओतावं का? मुळीच नको. अळ्या गाळात खोल असतात, त्यांना ते नीट पोहोचत नाही. मरतात ते मासे, बेडूक आणि चतुर. आणि तेच पाणी आपली जनावरं पितात. गोमाशीला निसर्गात शत्रू पुष्कळ आहेत. तिच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या अगदी बारीक गांधीलमाश्या आहेत. उडत्या माशीला चतुर, वेडा राघू, कोतवाल हे टिपतात. हे राखणदार मारले तर माशी वाढेल, कमी होणार नाही.

चावा दुखतो, म्हणूनच रोग पसरतो

आता मुख्य गोष्ट सांगतो. सर्रा हा रोग रक्तात राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म जंतूमुळे होतो. त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खान भागातल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा जंतू पाहिला. ते ठिकाण आता पाकिस्तानात आहे. जनावराच्या जीवावर उठणारा या जातीचा जंतू जगात प्रथम सापडला तो तिथं. सर्रा हे नावही आपल्याच देशातलं. सडणं या अर्थाच्या शब्दावरून ते पडलं असं मानतात. जनावर आतून झिजत जातं, त्याला ते शोभूनही दिसतं.

हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे आपण ऐकलेलं आहे. सर्ऱ्याचा जंतू गोमाशीच्या अंगात वाढत नाही, तिथं फार वेळ टिकतही नाही. तो फक्त तिच्या तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तात असतो, तोही थोडा वेळ.

मग रोग जातो कसा? समजा, रोगट घोड्यावर माशी बसली. तिनं कातडी कापली, रक्त चाटायला लागली. चावा झोंबला म्हणून घोड्यानं शेपटी मारली. अर्धपोटी माशी उडाली. ती भुकेलीच आहे. तेव्हा ती लगेच परत बसणार, एक तर त्याच घोड्यावर, नाही तर शेजारी बांधलेल्या बैलावर. तोंडाला घोड्याचं ओलं रक्त आहे, आणि त्याच तोंडानं ती बैलाची कातडी कापते. झालं. जंतू या अंगातून त्या अंगात गेला.

म्हणजे असं पहा, माशीचा चावा दुखला नसता तर ती एकाच जनावरावर पोट भरून निघून गेली असती. चावा दुखतो म्हणून तिचं जेवण मोडतं, आणि जेवण मोडतं म्हणून रोग पसरतो. यातूनच आपल्याला उपाय सापडतो. शेजारचं जनावर लांब असेल, तर माशी बहुधा पहिल्यावरच परत बसते. आणि दुसऱ्याकडे गेलीच, तर तोंडावरचं रक्त वाळून जंतू मरण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत घोड्यांचा एक दुसरा रक्तरोग अशाच माशांनी पसरतो. तिथं रोगट घोडा इतरांपासून २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८० मीटर दूर ठेवण्याचा नियम आहे. आपणही रोगट जनावर दोनशे-अडीचशे पावलं दूर ठेवलं तर तोच लाभ मिळेल. त्याला खर्च लागतो तो एका खुंट्याचा आणि थोड्या पायपिटीचा.

रोगाची लक्षणं

घोडा, उंट आणि कुत्रा यांना सर्रा फार जोराचा होतो. उपचार झाला नाही तर घोडा बहुतेक दगावतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. खाणं असूनही जनावर वाळत जातं. डोळ्यांच्या आतली त्वचा फिकट पडते. पायांवर, पोटाखाली सूज उतरते. डोळ्यांतून पाणी येतं, कधी बुबुळ पांढुरकं होतं. मागचा भाग लटपटतो.

गाई-म्हशींत आणि बैलांत रोग बऱ्याच वेळा लपून राहतो. दूध कमी होतं, जनावर उलटं फिरतं, गाभ जातो, कामात दम राहत नाही. कधी एकाएकी तीव्र ताप चढतो, जनावर गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावतं आणि पडतं. लपलेला जंतू रक्तात महिनोन् महिने राहू शकतो. दिसायला धड असलेलं असं जनावर साऱ्या गोठ्याला धोक्याचं असतं.

ताप चढलेला असताना रक्ताचा नमुना तपासला तर जंतू सापडण्याची शक्यता अधिक. म्हणून ताप आला त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही जनावरांसाठी मदत मागता येते. उदगीर आणि परभणी इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सर्ऱ्यावर औषध आहे आणि वेळेवर दिलं तर गुण येतो. पण ते जनावराच्या वजनावर मोजून, डॉक्टरांनीच द्यायचं असतं. कमी मात्रा दिली तर जंतू मरत नाही, उलट औषधाला निर्ढावतो.

बाजार आणि यात्रा

आपल्या भागाला जनावरांचं मोठं वैभव आहे. कंधारची लाल कंधारी, देवणीची देवणी, शिवाय मराठवाडी म्हैस. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट लांबलांबून येतात. हाळी हंडरगुळीला बैलांचा बाजार भरतो. अशा ठिकाणी जनावर घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, भोवरा पाहतो. रक्तात काय आहे ते मात्र डोळ्याला दिसत नाही.

माळेगावची यात्रा मार्गशीर्षात असते. तेव्हा माशी कमी असते आणि नवं जनावर आपल्या गोठ्यात सुखानं रुळतं. पण त्याच्या रक्तात जंतू लपला असेल, तर पुढच्या पावसाळ्यात माशी वाढली की तो शेजारच्या बैलजोडीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून बाजारातून आणलेलं कोणतंही जनावर निदान तीन आठवडे वेगळं बांधा. शक्य असेल तर त्याच्या रक्ताची तपासणी करून घ्या. घोड्याच्या बाबतीत तर ही तपासणी चुकवूच नका. बैलजोडी म्हणजे कित्येक घरांत वर्षाची सारी शेती. तिच्यापुढं तीन आठवड्यांची अडचण काहीच नाही.

दुसरी गोष्ट सुईची. एकाच सुईनं दहा जनावरांना टोचलं, तर ती सुई गोमाशीचंच काम करते. ओलं रक्त एकातून दुसऱ्यात. तेव्हा टोचणी असो, बैल बडवणं असो की कानात बिल्ला मारणं असो, प्रत्येक जनावराला नवी सुई, स्वच्छ हत्यार असा आग्रह धरा. सर्ऱ्यानं मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. कुत्र्यांनी ते कच्चं मांस खाल्लं तर त्यांनाही रोग होऊ शकतो.

लंपीच्या साथीनं २०२२ साली आपल्या राज्यात किती घरांच्या दावणी रिकाम्या केल्या ते आपण पाहिलं आहे. तो रोग विषाणूचा, सर्ऱ्याहून वेगळा. पण चावऱ्या माशा त्याचाही विषाणू तोंडावाटे वाहून नेऊ शकतात. लंपीला लस आहे, ती वेळेवर द्या. सर्ऱ्याला लस नाही. तिथं राखणच करावी लागते.

माणसाला धोका किती?

हा प्रश्न भगिनी हमखास विचारतात. निरोगी माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते सर्ऱ्याच्या जंतूला मारून टाकतं. २००४ साली आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला मात्र हा रोग झाला. जगात नीट सिद्ध झालेला तो पहिला माणूस. पुढं तपासात आढळलं, की त्याच्या रक्तात नेमकं तेच प्रथिन नव्हतं. औषधानं तो बरा झाला. नंतर त्या भागातल्या अठराशेहून अधिक लोकांची तपासणी झाली, पण कोणाच्याही रक्तात जिवंत जंतू सापडला नाही. तेव्हा भिण्याचं कारण नाही. तरी रोगट जनावराचं रक्त हाताच्या जखमेला लागू देऊ नका. आणि माशी चावली तर जागा साबणानं धुवा, खाजवू नका.

रोजच्या रोज काय करावं?

गोमाशी दिवसाची आहे. लख्ख ऊन, उकाडा आणि पडलेला वारा तिला मानवतो. अंधाऱ्या, बंद छपरात ती सहसा शिरत नाही. तेव्हा कोळपणीच्या दिवसांत औत सकाळी लवकर धरा. भर दुपारी बैल ओढ्याकाठच्या झाडाखाली न बांधता आखाड्यावरच्या छपरात, गडद सावलीला बांधा. उन्हं कलली की पुन्हा जुंपा. गुरं पाण्यावर न्यायची तीही सकाळी आणि सांजवेळी. जमेल तर पाणी हौदात भरून घराजवळच पाजा. म्हैस चिखलात लोळते ती उगीच नाही. अंगावरचा चिखलाचा थर माशीला आडवा येतो. तिला लोळू द्या, पण भर दुपारी काठावर उभी ठेवू नका.

माशी आपलं सावज डोळ्यांनी हेरते. मोठं, गडद, हलणारं अंग तिला लांबून दिसतं. जपानमध्ये २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काळ्या गाईंच्या अंगावर रंगानं पांढरे पट्टे ओढले, तर त्यांच्या अंगावर बसणाऱ्या चावऱ्या माशा सुमारे निम्म्यानं घटल्या. आपण जनावराला चुना मात्र फासू नका, कातडी भाजेल. पण गडद रंगाच्या बैलावर दिवसा पांढऱ्या सुती कापडाची झूल टाकायला काय हरकत आहे? पोळ्याची झूल पेटीत ठेवा, जुन्या धोतराची कामाला लावा. तुम्ही स्वतःही काळे-निळे कपडे टाळून फिक्या रंगाचे घाला.

पाणवठ्याच्या उतारावरचं झुकलेलं गवत आणि बेशरम कापून टाका. अंड्यांचे पुंजके असलेल्या काड्या खुडून पाण्यापासून लांब, कोरड्या जागी उन्हात टाका. गळक्या नळाखालची, हौदाभोवतालची डबकी बुजवा. गोठ्यातलं शेण आणि ओली वैरण आठवड्याच्या आत उकिरड्यावर न्या, म्हणजे गोठ्यातली चावरी माशीही घटेल. सांजेला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी चालेल, पण उघड्यावर. बंद गोठ्यात धूर कोंडला तर जनावराला त्रास होतो.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कपाशीवर, तुरीवर मारायचं कीटकनाशक जनावराच्या अंगाला कधीही लावू नका. जनावर अंग चाटतं, विष पोटात जातं आणि माशी मरायच्या आधी बैल मरतो. अंगावर लावायची औषधं वेगळी असतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, सांगितलेल्या प्रमाणातच वापरा.

थोडक्यात ध्यानात ठेवा:

१. ताप आलेलं जनावर त्याच दिवशी दोनशे-अडीचशे पावलं दूर बांधा आणि रक्त तपासून घ्या.
२. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं ठेवा.
३. प्रत्येक जनावराला नवी सुई.
४. भर दुपारी ढोरं छपरात, पाण्यावर सकाळ-संध्याकाळ.
५. पाणवठ्याचा उतार साफ ठेवा, पाण्यात औषध ओतू नका.

ही कामं एकट्यानं केली तर थोडा फायदा, साऱ्या गावानं केली तर मोठा. पाणवठा सगळ्यांचा असतो आणि माशीला बांध कळत नाही. तेव्हा हे पत्रक वाचून झालं की शेजाऱ्याला द्या आणि येत्या पावसाच्या आधी उतारावरचं गवत मिळून कापा.

रामराम.